गयामावशीची चिंधी

गयामावशीच्या घरात पाहुणा म्हणून बसणं सोपं नव्हतं. दारातून आत पाऊल टाकलं की तुम्ही कुठल्या खुर्चीकडे निघालात हे ती आधी बघायची, आणि तुम्ही टेकेपर्यंत तिचा श्वास अडकलेला असायचा. टेकलात की म्हणायची, "हां, बसा बसा. पण मागं रेलू नका." चहा आला की, "कपाच्या कानाला धरू नका, बशीत ओतून घ्या." हात धुवायला मोरीत गेलात की बाहेरून आवाज, "डाव्या हाताचा नळ सोडा, उजव्याला हात न्हाई लावायचा!" पाहुणा दहा मिनिटांत घामाघूम होऊन निघून जायचा. मग मावशी पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, "गेलं बाई नीट." कुणाला काही झालं नाही, एवढ्यावर तिचा दिवस चांगला जायचा.

मी तिच्याकडे भाड्याने राहायला गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते. जालन्यात वाढलेली, वडील कचेरीत कारकून. घरात काही मोडलं की माणूस बोलवायचा, एवढंच ज्ञान. जाफराबादच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि मावशीच्या तीन खोल्यांना लागून असलेली चौथी खोली मला मिळाली. ऐंशी साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. मावशीचे यजमान गावाकडे शेती बघायचे. मुलगा औरंगाबादला वसतिगृहात शिकत होता. मावशी आणि तिची मुलगी सुमन, दोघीच इथे असायच्या.

गावात तेव्हा हार्डवेअरची दोन दुकानं होती. त्यांत पत्रे, खिळे, दोर, बिजागऱ्या, सगळं होतं. तुम्हाला हवी असलेली वस्तू तेवढी नसायची. ती जालन्याहून यायची. म्हणजे जालन्याला जाणारा कुणी शोधायचा, त्याला मोडकी वस्तू नमुन्याला द्यायची, आणि तो बरोबर तो नमुनाच एसटीत विसरून यायचा. तोवर घर चालवायचं कशावर? गयामावशीवर. उंच, हाडकुळी, नऊवारी लुगडं, आणि इतर बायका कमरेला चाव्या खोचतात तिथे हिची पक्कड.

आमच्या गल्लीत नळाला तिसऱ्या दिवशी सकाळी तासभर पाणी यायचं. माझा तो पहिलाच पाण्याचा दिवस. नवी कोरी बादली लावली, ऐटीत तोटी फिरवली, आणि तोटी माझ्या हातात आली. पाण्याची धार माझ्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवर. हाताने दाबायला गेले तर बोटांमधून चारी बाजूंनी पाणी. तेवढ्यात शेजारून ओरडा सुरू झाला, "आमच्या नळाला थेंब न्हाई! कुणी सोडलंय पाणी?" सगळ्या गल्लीचं पाणी माझ्या मोरीतून वाहून चाललं होतं, आणि पुढचे दोन दिवस ह्या सगळ्या बायका माझं काय करणार आहेत ते मला त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मी रडायच्या बेतात होते.

मावशी दारात आली. एकदा धारेकडे बघितलं आणि परत गेली. मला वाटलं, झालं, हिनेही हात टेकले. पण ती जळणातली पऱ्हाटी घेऊन आली, कापसाची वाळकी काठी. विळीवर तिचं टोक निमुळतं केलं, त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, धारेत घुसून ती खुंटी नळाच्या तोंडात बसवली आणि वरवंट्याने तीन ठोके दिले. पाणी थांबलं. शेजारी बादल्या भरू लागल्याचा आवाज आला. मी देव भेटल्यासारखी तिच्याकडे बघत होते, पण तिची मान अजून ताठ होती. तिने कनवटीतून लाल कापडाची एक पट्टी काढली आणि नळाच्या गळ्याला घट्ट गाठ मारली.

"हे काय?"

"चिंधी."

"ते दिसतंय मावशी. पण कशाला?"

"हा आता नळ न्हाई, खुंटी हाय. विसरायचं न्हाई. जालन्याला कुणी जाऊन राह्यलं का बघा, तोटी मागवू. तोवर ही चिंधी सोडायची न्हाई."

"पण पाणी तर थांबलं की!"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वर्गात मुलींकडे तसं बघायला नंतर शिकले. "चाललं म्हंजे झालं न्हाई, मास्तरीणबाई."

हे वाक्य मी पुढे पाच वर्षांत इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणू शकले असते. मावशीने दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूला लाल चिंधी असायची. खिडकीच्या बिजागरीत सायकलचा आरा घातला, चिंधी. पाटाचा पाय बांधला, चिंधी. घडीच्या लोखंडी खुर्चीचा रिबीट निघाला तिथे खिळा वाकवून घातला, चिंधी. दर शुक्रवारी ती गल्लीतून फेरी मारायची आणि कुठली चिंधी किती दिवसांची झाली ते तोंडपाठ सांगायची. "तुमच्या मोरीच्या कडीला दीड महिना झाला, कव्हा बदलता?" लोक तिला टाळायचे. वस्तू मोडली की धावत तिच्याकडे यायचे आणि चालू झाली की तिला बघून दार लावून घ्यायचे. खरा भाग आला की ती स्वतःची दुरुस्ती उपसून फेकायची, चिंधी सोडायची, धुवायची, वाळवून डब्यात ठेवायची. मला हे सगळं जरा अतीच वाटायचं. आणि एक गोष्ट लक्षात यायची, की सगळ्या चिंध्या एकाच लुगड्याच्या आहेत.

उन्हाळ्यात गल्लीच्या तोंडाचा हापसा बंद पडला. दांड्याची पिन तुटली होती. दुरुस्तीवाला येणार कधी, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मावशीने बैलगाडीच्या चाकाची खीळ आणली, ठोकून बसवली, वर चिंधी बांधली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, "दांडा पुरता खाली न्हाई न्यायचा. अर्धाच." चार दिवस सगळं ठीक. पाचव्या दिवशी त्या लाल चिंधीवर कुणीतरी कुंकू लावलं. मग हळद आली. मग फूल. बाजाराला आलेली एक म्हातारी मला विचारते, "बाई, ह्या हापश्याला कशाचा नवस करतेत?"

मावशीचा संताप बघण्यासारखा होता. "हात जोडून राह्यल्या, आन मंग देवाचं नाव घेऊन जोरात हापसून राह्यल्या! आदी भेत तरी होत्या!" तिने सांगून बघितलं, रागावून बघितलं, कुंकू पुसून बघितलं. शेवटी रोज सकाळी पाट घेऊन ती हापश्याशेजारी बसू लागली. दांडा अर्ध्याच्या खाली गेला की ओरडायची. उन्हं तापेपर्यंत बसायची. तोंड वाळून जायचं, पण उठायची नाही. मी म्हटलं, "मावशी, एवढं काय? तुटली तर तुटली खीळ."

"आन दांडा उसळून कुणाच्या हनुवटीवर बसला मंग?"

"तुमचा काय दोष त्यात?"

तिने पाट हापश्याच्या आणखी जवळ सरकवला. पंधरा-वीस दिवसांनी दुरुस्तीवाला आला. मावशीने कुंकवासकट ती खीळ उपटली. बाजारवाली म्हातारी नेमकी तिथे होती, तिने देवाचा कोप होईल म्हणून मावशीला भरपूर ऐकवलं. मावशी हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला त्याआधी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी सुमनला मी विचारलं, की तुझी आई असं का करते. सुमन भाकरीचं पीठ मळत होती. मळता मळताच तिने सांगितलं.

गावाकडे घरच्या विहिरीवर पाणी शेंदायची कप्पी होती. तिचा आकडा तुटला. मावशीने कुंपणाची तार दुहेरी करून कप्पी आडव्या लाकडाला बांधली. लोहार बाजारच्या दिवशी येणार, तोपर्यंत चालेल. लोहार आला. पण कप्पी छान फिरत होती, म्हणून त्याला कुणी काही सांगितलं नाही. मावशीनेही नाही. असे चार महिने गेले. एका सकाळी मावशीची धाकटी जाऊ रुक्मिण भरलेली बादली ओढत होती आणि तार तुटली. रुक्मिणने दोर सोडला नाही. नवी सून, बादली विहिरीत गेली तर काय म्हणतील, म्हणून सोडला नाही. दोर हाताला वेढा घालून तिला काठाच्या दगडापर्यंत ओढत घेऊन गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि उरलेली नीट वळेनात. रक्त थांबेना तेव्हा मावशीने अंगावरच्या लाल लुगड्याचा पदर फाडून हात बांधला.

"ते लुगडं तिनं परत नेसलं न्हाई," सुमन म्हणाली. "त्याच्याच चिंध्या हायेत ह्या."

मी विचारलं, "मग काकू काय म्हणाल्या?"

"काहीच न्हाई. तेच तर. शिव्या दिल्या अस्त्या तं आई सुटली अस्ती. काकू बोलतच न्हाई कमी-जास्त. पन आईनं नीट केलेल्या वस्तूला हात लावत न्हाई. चिंधी दिसली की बाजूला होती."

कप्पीबद्दल मावशी माझ्याशी एकदाच बोलली, तीही एवढंच: "चार महिने बराबर चाललं न, म्हणून घात झाला." ती मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून जाफराबादला आली असं सगळे म्हणायचे. मला वाटतं, तेवढ्यासाठीच आली नसावी. ज्या घरात रोज तो हात ताट वाढतो, त्या घरात जेवणं तिला जड गेलं असणार.

इतकं सगळं माहीत असताना मी पुढे जे केलं ते केलंच.

सुमनला बघायला बदनापूरकडचे लोक यायचे होते. मुलगा सरकारी कचेरीत, घरची शेती, हुंड्याचं नाव नाही. असं स्थळ सहज येत नव्हतं आणि मावशी आठवडाभर देवासारखी शांत राहण्याचा प्रयत्न करत होती. मध्यस्थ गृहस्थ मला मुद्दाम सांगून गेले, "तुम्ही शहरातल्या. घर जरा नीटनेटकं दिसेल असं बघा." मावशी पाहुण्यांना घ्यायला एसटी स्टँडवर गेली. सुमन माझ्या खोलीत तयार होत होती. मी पुढच्या खोलीत चादर बदलली, फोटो पुसले, मागे सरून बघितलं, आणि मला सगळीकडे लाल चिंध्याच दिसल्या. खुर्चीला चिंधी, खिडकीला चिंधी, कपाटाच्या कडीला चिंधी. एखाद्या घरात दहा माणसं आजारी असावीत तसं ते घर दिसत होतं. मी कात्री घेतली. पुढची खोली झाली, मग स्वयंपाकघर. सगळ्या चिंध्या पर्समध्ये कोंबल्या. दोन तासांचा तर प्रश्न, नंतर बांधू, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आजी आणि मध्यस्थ. त्यांच्या मागोमाग गावाकडून जीपने रुक्मिणही आली. मावशीच्या यजमानांना शेतीच्या कामातून निघता आलं नव्हतं, पण पुतणीचा कार्यक्रम, चुलतीने यायलाच हवं. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. ठेंगणी, शांत, उजवा हात पदराखाली. सगळ्यांना नमस्कार करून ती सरळ स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेली.

मावशी उंबऱ्यात थबकली. तिची नजर खुर्चीवर गेली, खिडकीवर गेली, मग माझ्यावर आली. मी अभिमानाने हसले. त्या नजरेत काय होतं ते मला लगेच कळलं, पण तोवर मुलाचे वडील त्याच खुर्चीत बसले होते. वजनदार माणूस. बसले आणि ऐसपैस मागे रेलले. खुर्ची करकरली.

"पुढं सरून बसा न दादा," मावशी म्हणाली, "वारा लागंल."

"नाही नाही, आरामात आहे," ते म्हणाले आणि आणखी रेलले.

मी दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी होते. मला पुढची खोलीही दिसत होती आणि स्वयंपाकघरही. आत रुक्मिण पितळी स्टोव्हसमोर वाकली होती. तो स्टोव्ह टाकीच्या टोपणातून हवा सोडायचा, म्हणून मावशीने टोपणाखाली सायकलच्या ट्यूबचं वॉशर कापून घातलं होतं. रबर रॉकेलने मऊ पडतं, म्हणून दहाच्या वर पंप मारायचा नाही, असा घरातला कायदा होता. हा कायदा स्टोव्हला बांधलेल्या चिंधीत होता आणि चिंधी माझ्या पर्समध्ये. रुक्मिणने स्टोव्हला एकदा चारी बाजूंनी बघितलं. मग डाव्या हाताने काडी ओढली, बर्नर तापू दिला, आणि पंप मारायला सुरुवात केली.

खस्. खस्. खस्.

पुढच्या खोलीत मावशीचे ओठ हलू लागले. मी तिथेच उभी राहून नुसती बघत होते. तिने आवाज ऐकला होता. रुक्मिण दहाच्या आत थांबली तर सगळं निभावेल, कार्यक्रम पार पडेल, सुमनचं जमेल. तिच्या चेहऱ्यावर हे सगळं स्पष्ट वाचता येत होतं.

"मुलीला भाऊ किती?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"सात," मावशी म्हणाली.

"सात?"

"आठ."

मध्यस्थाने आ वासला. मुलाची आजी पुढे झुकली. मावशी उठलेली होती. तिने मधलं मेज ढकललं, पाण्याचा तांब्या आडवा झाला, मला बाजूला लोटून ती आत घुसली. "रुक्मिणे, हात काढ! हात काढ!" तेवढ्यात टोपणाखालून रॉकेलची बारीक धार उडाली आणि भप्पकन पेटली. ज्वाळ रुक्मिणच्या तोंडासमोर होती. मावशीने तिला खांद्याला धरून मागे खेचलं, दुसऱ्या हाताने कोपऱ्यातलं ओलं पोतं ओढलं आणि स्टोव्हवर टाकलं. ते पोतं ती रोज सकाळी भिजवून तिथे ठेवायची. आम्ही सगळे तिला हसायचो.

धूर झाला. रॉकेलचा वास पुढच्या खोलीत गेला. आजी खोकायला लागली. रुक्मिण भिंतीला टेकून बसली होती, तिला काही झालं नव्हतं. मावशी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन उलटेपालटे करून बघत राहिली. आधी चांगला हात, मग तो दुसरा. मग मावशी उठली आणि माझ्याकडे आली.

"चिंध्या कुठंयत?"

मी पर्स दिली. ती पुढच्या खोलीत गेली. तिच्या हाताला काजळी होती, लुगडं एका बाजूने ओलं होतं. मुलाच्या वडिलांना म्हणाली, "उठा जरा." ते उठले. तिने खुर्ची आडवी करून खिळ्याला चिंधी बांधली. "हिचं रिबीट गेलंय. खिळा मी घातलाय, पक्का न्हाई. आता बसा, पण रेलू नका." खिडकीला बांधली. "हिच्या बिजागरीत आरा हाय." कपाटाला बांधली. ते लोक उभे राहून बघत होते आणि ती एकेक वस्तू दाखवत, एकेक गाठ मारत फिरत होती. मध्यस्थ खुणा करून थकले. दारात सुमन नटून उभी होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

नकार चार दिवसांत आला. "मुलगी पसंत आहे," मध्यस्थ म्हणाले, "पण त्यांचं म्हणणं, घरात एक वस्तू धड नाही आणि बाई ते स्वतःच्या तोंडाने सांगते."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत निघाले तेव्हा मावशी माझ्या दारात उभी होती. "तुमी चिंध्या काढल्या कामून?"

"घर चांगलं दिसावं म्हणून."

"मंग वस्तू बदलायची. चिंधी कामून काढली?"

ती माझ्यावर ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. त्याऐवजी ती उंबऱ्यावर खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "स्थळाचं जाऊ द्या, दुसरं यील. पन रुक्मिणला दुसऱ्यांदा माझ्याच हातानं झालं अस्तं तं? मी तोंड कुठं दाखवलं अस्तं सांगा." मी तिच्याशेजारी बसले. माफी मागितली. माफी मागून काही सांधलं जात नाही हे मला त्या दिवशी कळलं.

रुक्मिण कार्यक्रमाच्याच संध्याकाळी न बोलता गावी गेली होती. त्यानंतर तिने मावशीच्या जाफराबादच्या घरात पाऊल टाकलं नाही. सुमनचं लग्न पुढच्या वर्षी जमलं. मुलगा अंकुशनगरच्या साखर कारखान्यात फिटर. बघायला आला तेव्हा त्याला खुर्चीची चिंधी दिसली, आणि तो खाली वाकून तो खिळा इतका वेळ निरखत बसला की चहा गार झाला आणि सुमन तशीच उभी राहिली. "कुणी घातलाय हा?" एवढंच त्याने विचारलं. लग्न गावाकडे झालं. रुक्मिण सगळ्या कामांत होती, पण मावशी एका दारातून आली की ती दुसऱ्या दारातून निघून जायची. मावशी म्हणायची, "बराबर हाय तिचं. कोण दोनदा भाजून घीन?"

पुढे माझी बदनापूरला बदली झाली, लग्न झालं, मुलं झाली. मावशीकडे वर्षा-दोन वर्षांतून एखादी फेरी व्हायची. गावात दुकानं वाढली, हवी ती तोटी गल्लीच्या तोंडावर मिळू लागली. लोक मोडलेली वस्तू फेकून नवी आणू लागले. मावशीचा चिंध्यांचा डबा भरत गेला आणि नंतर तो कुठे गेला कुणास ठाऊक. यजमान वारल्यावर ती गावाकडे परत राहायला गेली, पण तिथेही दोघी जावांचं बोलणं कामापुरतंच होतं. दोन हजार साल उलटल्यावर केव्हातरी सुमनचा फोन आला. आई ओट्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, जालन्याला ऑपरेशन करून सळई टाकली, आता घरी आहे.

मी एका रविवारी गेले. मावशी अंगणात बाजेवर पडली होती. अर्धी राहिली होती, पण डोळे तसेच. "त्या खुर्चीत बसा मास्तरीणबाई, ती पक्की हाय," हेच तिचं पहिलं वाक्य.

मी बसले. तिच्या पायाकडे लक्ष गेलं. गुडघ्याच्या वर, लुगड्यावरून, एक चिंधी बांधलेली होती. मला हसू आलं. "हे काय मावशी?"

"डॉक्टर म्हणतो नीट झालं. चाललं म्हंजे झालं का? नातवंडं येऊन अंगावर पडतेत. बघितलं की सरकतेत बाजूला."

मग मला दिसलं की चिंधी हिरवी आहे, आणि गाठ मावशीच्या हातची नाही. मावशीची गाठ सरळ, चपटी असायची. ही वाकडी होती, एका टोकाला दातांनी ओढून दोरे निघालेले.

"लाल संपलं," घरातून आवाज आला. रुक्मिण पाणी घेऊन आली होती. केस पांढरे, अंगावर हिरवं लुगडं, त्याचा पदर एका कडेला फाटलेला. "आक्का म्हणल्या चिंधी पाह्यजे. म्हणलं मंग माझीच घ्या."

मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात होतं ते मी तिथेच, हातात तांब्या धरून सांगून टाकलं. त्या दिवशी चिंध्या मी काढल्या होत्या, स्टोव्हचीही मीच.

रुक्मिणने मान हलवली. "आता म्हाईत हाय. आक्कानं सांगितलं मागच्या महिन्यात. मी स्टोव्ह चारी बाजूनं बघितला होता. चिंधी न्हाई दिसली. म्हणलं आक्काची चिंधी न्हाई म्हंजे पक्कं हाय, बिलकुल पक्कं. म्हणून तं बिनघोर पंप मारला." तिने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. "मला वाटायचं, माझ्या हाताला दम न्हाई, माझ्यामुळं पोरीचं स्थळ गेलं. काय तोंड दाखवू आक्काला? म्हणून येत नव्हते."

मावशी आभाळाकडे बघत पडली होती. "ही मला भेती म्हणून मी दूर राह्यले," ती म्हणाली, "आन ही... पंधरा वर्षं. दोघी येड्या." तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात गेलं आणि ते पुसायला तिचा हात उठला नाही. रुक्मिणने पुसलं.

मी निघाले तेव्हा ऊन बाजेवर आलं होतं. रुक्मिण मावशीला सावलीत न्यायला वाकली. तिने तो तीन बोटांचा हात मावशीच्या पाठीमागून घातला आणि खांदा पुढे केला. मावशी परक्याने कडेवर घेतलेल्या पोरासारखी घाबरलेली. तिने त्या हाताकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, माझ्याकडेही बघितलं. आयुष्यभर दुसऱ्यांना जपून टेका म्हणणारी बाई, तिला टेकता येईना.

"पेलंल का गं तुला?"

"माझ्यावर चिंधी हाय का कुठं?" रुक्मिण म्हणाली. "टाका भार."

आणि मावशीने सगळा भार टाकला.